तारेत ओवलेली पत्रं

पूर्वी आपल्याकडे बहुतेक घरांत माजघरात नाहीतर ओटीवर खिळ्याला एक तार टांगलेली असायची. वर आकडा, खाली लाकडाची गोल चकती. आलेलं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं की त्या तारेत टोचून टाकायचं. जुनं खाली, नवं वर. तार भरली की गठ्ठा सुतळीनं बांधून माळ्यावर. एवढाच आपला दप्तरखाना! पण त्यात एक मोठी सोय होती. कोणी मुद्दाम न लावताही पत्रं आली त्या क्रमानं लागायची. पुढे कोणीतरी हौशी माणूस 'नीट लावून ठेवतो' म्हणून तो गठ्ठा सोडतो, काकांची पत्रं वेगळी आणि मामांची वेगळी करतो, आणि तो क्रम कायमचा जातो.

क्रम गेला की खरी पंचाईत होते तारखेची. जुन्या माणसांची पत्रं 'श्री'पासून सुरू होतात, मग 'ति. स्व. ... यांस सा. न. वि. वि.', मग 'इकडील सर्व क्षेम'. उजव्या कोपऱ्यात 'श्रावण शु. ५'. संपलं. शक नाही, साल नाही. लिहिणाऱ्याला ते कशाला हवं होतं? पत्र चार दिवसांत वाचायचं आणि उत्तर पाठवायचं, सत्तर वर्षांनी कोणी भिंग घेऊन बसेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तरी पत्र आपलं वय सांगतं. निवृत्तीनंतर आमच्या आणि नात्यातल्या दोन-तीन घरांचे गठ्ठे पाहता पाहता मला हा एक नादच लागला. मजकुराआधी पत्ता बघायचा. 'नेरळ, जी. आय. पी. रेल्वे' असं असेल तर पत्र बहुधा १९५१च्या आधीचं, कारण त्या वर्षी जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे आली. (अर्थात काही म्हातारी माणसं पुढेही दहा वर्षं जी. आय. पी.च लिहीत, ते सोडून द्या.) तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर १९५७च्या आधी घेतलेलं, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४च्या दरम्यानचं. पिनकोड असेल तर १९७२नंतरचं. 'जि. कुलाबा' असेल तर साधारण १९८१पर्यंतचं, कारण १ जानेवारी १९८१ला कुलाब्याचा रायगड झाला. माझ्याकडचं एक पत्र नुसतं 'अधिक श्रावण वद्य' एवढ्याच मितीचं आहे. अधिक श्रावण गेल्या शतकाच्या उत्तरार्धाकडे पाहिलं तर १९४७, १९५८, १९६६, १९७७ आणि १९८५ साली आला. तिकीट आण्याचं. म्हणजे १९४७! स्वातंत्र्य मिळालं तो १५ ऑगस्ट अधिक श्रावणाच्या वद्य पक्षातच येतो. त्या पत्रात स्वातंत्र्याबद्दल एक अक्षर नाही. भात लावणी उशिरा झाली, म्हैस आटली आणि मुंबईहून येताना रॉकेल मिळालं तर आणावं, एवढाच मजकूर आहे. मला ते पत्र फार मोलाचं वाटतं. त्या पंधरवड्यात नेरळच्या एका घराला काय हवं होतं, तर रॉकेल.

या गठ्ठ्यांत एक गोष्ट मात्र कधीच सापडत नाही. मृत्यू. आधी माझ्या हे लक्षात आलं नाही. बारशी आहेत, मुंजी आहेत, लग्नाच्या याद्या आहेत, आजारपणं आहेत, 'तब्येत फार खालावली आहे, भेटून जावे' असंही आहे. पण गेल्याचं पत्र नाही. कारण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. ते पत्र घरात ठेवत नसत. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड पोस्टमननं दिलं की ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि अंघोळ करून घरात यायचं. त्यामुळे नुसत्या पत्रांवरून घराण्याचा इतिहास लिहायला बसलो तर आपल्या घरात जन्मलेलं माणूस कधी मेलंच नाही असं दिसेल. एखाद्याचं नाव 'ति.'वरून 'कै.' झालेलं पुढच्या कुठल्यातरी पत्रात दिसतं, आणि मग आपण मधल्या काळात केव्हातरी असं धरून चालायचं.

मृत्यू शोधायचे तर सरकारी वहीकडे जावं लागतं. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, आणि तिची मूळची 'कोतवाल बुकं'. गावचा कोतवाल ही माहिती गोळा करायचा म्हणून ते नाव. यात जुनी पानं मोडीत आहेत. नाव, बापाचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, 'ताप'. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली असं इतिहासात वाचतो. गावच्या नोंदीत त्या साथीला वेगळं नाव नाही, तीही 'ताप'च. फक्त 'ताप' या शब्दाखाली 'सदर, सदर, सदर' असं लांबत जातं, त्यावरून कळायचं.

२०२३ साली या वह्यांचे दिवस अचानक पालटले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर कोतवाल बुकं, पाहणी पत्रकं, क पत्रकं, कुळ नोंदवह्या, १९५१ची राष्ट्रीय रजिस्टरं, शाळांची जनरल रजिस्टरं असं सगळं बाहेर निघालं. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते महत्त्व आलं. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण दप्तराकडे पाहिलं तर एक दिसतं. माणूस येतो, आपल्या पणजोबांची एक ओळ शोधतो, मोबाईलवर फोटो काढतो, जातो. शेजारच्या ओळीत कोण आहे हे बघत नाही. त्याला दोष कसा देणार, त्याचं काम त्या एका ओळीशीच आहे. पण पान उलटताना त्याचा कोपरा तुटला तर ती शेजारची ओळही गेली ना?

शाळेच्या रजिस्टरबद्दल थोडं बोलण्याचा मला अधिकार आहे, उभा जन्म त्यातच गेला. जनरल रजिस्टर हे कायम जपायचं दप्तर. गावातला बहुधा सर्वांत प्रामाणिक कागद असा त्याचा लौकिक आहे, आणि तो निम्माच खरा आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो हे तुम्ही पाहिलं असेल. बायका-मुलांना घेऊन आलेला बाप सांगायचा, 'मोठ्या पावसाच्या वर्षी झाला.' गुरुजी मुलाकडे बघायचे, अंदाज करायचे आणि सहावं वर्ष पुरं होईल अशा बेतानं १ जून लिहून मोकळे व्हायचे. तेव्हा जन्मतारखेसाठी ते रजिस्टर कामाचं नाही. पण 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना बघा. 'मुंबईस गेला.' 'गुरे राखणे.' 'लग्न झाले.' 'सतत गैरहजर.' गावाची सगळी आर्थिक स्थिती त्या रकान्यात आहे. कातकरीवाडीतल्या मुलांपुढे एका ठराविक महिन्यानंतर ओळीनं 'गैरहजर' येतं, कारण दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला बाहेरगावी जायचे. हे कुठल्या पुस्तकात शोधायला नको.

नेरळचं जुनं काही शोधणाऱ्याला एक सूचना करून ठेवतो, कारण यात बरेचजण चकतात. आपला कर्जत तालुका पूर्वी कुलाबा जिल्ह्यात नव्हता, ठाण्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कुलाब्याला जोडला. म्हणून १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नेरळ शोधलंत तर हाती काही लागत नाही. ते १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये बघायचं. माथेरानवर तर तिथे भरपूर मजकूर आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०मध्ये डोंगरावर चढले तेव्हापासूनचा.

माथेरानच्या गाडीचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे कोणालाही विचारा, 'इंग्रजांनी बांधली' असं सांगतील. कागद वेगळं सांगतात. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं पदरचे सुमारे १६ लाख रुपये घालून ती बांधली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात काम पुरं केलं. ऐकीव माहिती दोन पिढ्यांत किती सरकते ते बघा. रोज ज्या स्टेशनात आपण लोकल पकडतो तिथल्या पलीकडच्या रुळाबद्दलही ती चुकते.

आता ज्या विषयासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो.

भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही नावं नेरळ-कर्जतच्या पोराटोरालाही माहीत आहेत. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी काढली, वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या. १९४२ला भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभारला. या दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले. ते मनोरेच का, हे पुष्कळांना उलगडत नाही. खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. दोन्ही आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथली वीज मुंबईला जायची. मुंबईच्या गिरण्या आणि जी. आय. पी.च्या विजेवरच्या गाड्या त्यावर चालायच्या. ऐन महायुद्धात इथे एक मनोरा आडवा झाला की तिकडे यंत्रं थांबायची. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील तिथे हुतात्मा झाले. तेव्हा कोतवाल तीस वर्षांचे होते.

एवढं पाठ्यपुस्तकी झालं. आता याचे कागद कुठे आहेत ते बघू.

आपल्या बाजूचे कागद नाहीतच म्हणा. भूमिगत माणूस लिहून ठेवत नाही. चिठ्ठी आली की वाचून जाळायची हाच नियम. वर्तमानपत्रांवर युद्धकाळाची बंधनं होती. कुलाबा जिल्ह्याचं आपलं 'कृषीवल' १९३७ साली निघालं होतं, चरीच्या शेतकरी संपाच्या काळात. पण १९४२-४३ साली कुठल्याच पत्राला असल्या गोष्टी मनमोकळेपणानं छापणं सोपं नव्हतं. उरले सरकारचे कागद. पोलिसांचे अहवाल, गृहखात्याच्या फाइली, खटल्यांची कागदपत्रं. मुंबईचं पुराभिलेखागार तेवढ्यासाठी आहे आणि तिथे माणसं मदतही करतात. पण ते कागद ज्यांनी लिहिले त्यांच्या लेखी हे 'फरारी आरोपी' होते. त्यांत मनोऱ्याचं नुकसान किती, काडतुसं किती, हे असेल. रात्री दार वाजल्यावर कोणी भाकऱ्या थापल्या, कोणत्या ठाकरानं सिद्धगडाची वाट दाखवली, कोणाच्या गोठ्यात चार रात्री काढल्या, हे त्यात का येईल? आलंच तर आरोपी म्हणून येईल. ज्याचं नाव पोलिसांना कळलं नाही तो वाचला, आणि म्हणूनच तो इतिहासातून गेला. विचित्र आहे, पण तसंच आहे.

या अडचणीतून वाट काढणारा एक कागद आहे आणि त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झालं. त्यासाठी अर्ज करायचा तर पुरावा हवा. तुरुंगात गेलेल्याकडे तुरुंगाचा दाखला. भूमिगत असलेल्यानं काय दाखवायचं? त्यानं आपल्याबरोबरच्या, शिक्षा भोगलेल्या सहकाऱ्यांची प्रमाणपत्रं जोडायची. म्हणजे तीस वर्षांनी का होईना, माणसांनी पहिल्यांदा कागदावर लिहून दिलं की अमुक माझ्याबरोबर अमुक ठिकाणी होता, त्यानं हे हे केलं. गावांची नावं, वाड्यांची नावं, महिने. अर्जाची एक प्रत सरकारात गेली, दुसरी घरी राहिली. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्यांच्या घरी तर तो कागद कोणी हातातही घेत नसेल, कारण त्याचा काही उपयोग झाला नाही. माझ्या मते इतिहासाला नामंजूर अर्जच जास्त उपयोगाचे. मंजूर झालेल्यांची नावं कुठेतरी यादीत आहेत. नामंजूर झालेल्यांचा तेवढाच एक कागद.

त्यांत बायकांची नावं असतील का, अशी मला शंका आहे. भाकरी थापणारीनं पेन्शनचा अर्ज केला असेल असं वाटत नाही. पण सहकाऱ्याच्या प्रमाणपत्रात एखाद्या ओळीत 'अमक्याच्या आईने जेवण दिले' असं निघालं तरी पुष्कळ झालं. 'अमक्याची आई' म्हणून तरी ती आली.

कागदच नसलेल्या माणसांचं काय होतं ते आपण अगदी अलीकडे जवळून पाहिलं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. ठाकरांची वाडी. पुढचे काही दिवस किती माणसं होती, कोण आश्रमशाळेत होतं, कोण कामाला बाहेर होतं, याची जुळवाजुळव चालली होती. घरांबरोबर घरातल्या कागदांच्या पत्र्याच्या पेट्याही मातीत गेल्या. त्या वाडीत किती पिढ्या राहिल्या, आधी कुठून आल्या, देव कोणते, हे ज्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं, त्यांतलेही काही गेले. अशा वाड्या आपल्या दोन तालुक्यांत डोंगराच्या कुशीत पुष्कळ आहेत. तिथे जुना कागद शोधायला जाऊन उपयोग नाही, माणसाजवळ बसून बोलणं लिहून घ्यायला हवं. आणि ते पावसाळ्याच्या आत.

राहिलं जपण्याचं. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल, बाकी आठ महिने वाळवी. जुन्या लोकांची लाल कापडात बांधायची पद्धत होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या गठ्ठ्यांनाही 'रुमाल'च म्हणतात. वेखंडाची पूड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, हे आजीचे उपाय अजून चालतात. पण कृपा करून जुना कागद लॅमिनेट करू नका! मी हे जिथे जाईन तिथे सांगतो आणि जिथे जाईन तिथे कोणीतरी आजोबांची सनद प्लॅस्टिकमध्ये शिजवून भिंतीला लावलेली दाखवतो. त्या उष्णतेनं कागद कायमचा चिकटतो, पुढे काही करायचं म्हटलं तर सुटत नाही. चिकटपट्टीही नको, दहा वर्षांत ती पिवळी होऊन अक्षरं घेऊन निघते. उन्हात वाळवत घालू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली. वर्तमानपत्राची कात्रणं पत्रांच्या मध्ये ठेवू नका, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या चांगल्या कागदाला डाग पाडतं. कात्रणावर पत्राचं नाव आणि तारीख आजच लिहा, तीही पेन्सिलीनं.

एक भाचा मला म्हणाला, मामा, फोटो काढून ठेवू, पण भांडणाची पत्रं वगळू. जमिनीची भांडणं, सासुरवासाच्या तक्रारी, कोणी कोणाचे पैसे बुडवले, हे आता कशाला? त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची मुलं हयात आहेत. मी त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या वरसईच्या गोडसे भटजींची हकीकत सांगितली. विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत होते, झाशी डोळ्यांनी पाहिली आणि परत येऊन पुढे सगळं लिहून ठेवलं. चिंतामणराव वैद्यांनी ते भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, 'माझा प्रवास' म्हणून छापलं. पण छापताना त्यांनी आपल्या मतानं काटछाट आणि सुधारणा केल्या. काळ इंग्रजांचा होता, वैद्यांच्याही काही अडचणी असतील. पण मूळ हस्तलिखित त्यांनी फाडून टाकलं नाही. ते पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मुळाबरहुकूम पुस्तक काढता आलं. छापायचं काय नि वगळायचं काय हे आपण आज ठरवावं, त्यात काही गैर नाही. फाडायचं मात्र नाही. भांडणाची पत्रं वेगळ्या पाकिटात घाला, वर 'तीस वर्षांनी उघडावे' असं लिहा. भाच्याला ते पटलं. निदान पटल्यासारखं दाखवलं.

तर नातेवाईकांना आणि इथे येऊन वाचणाऱ्या मंडळींना विनंती आहे. कर्जत, खालापूर, मुरबाड, कल्याण या बाजूचं तुमचं मूळ असेल तर घरी तीन गोष्टी शोधा. १९७२नंतरच्या पेन्शनच्या अर्जाच्या प्रती, मंजूर असोत की नामंजूर. २ जानेवारीच्या सिद्धगडच्या कार्यक्रमाची जुनी हस्तपत्रकं, त्यावर कार्यकर्त्यांची नावं असतात. आणि मुंबईतल्या तुमच्या ग्रामस्थ मंडळाच्या जमाखर्चाच्या आणि सभांच्या वह्या, कारण गावच्या देवळाला, शाळेला पैसे कुठून आले ते तिथेच लिहिलेलं असतं. कागद मला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. मला फक्त फोटो हवेत. सावलीत, सरळ वरून, पानाच्या चारही कडा दिसतील असे. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही. पत्र असेल तर पाकिटाचाही काढा, शिक्का त्याच्यावर असतो.